जुनी मायनर आणि तिचा नंबर: विकण्याआधीची तयारी

गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली मॉरिस मायनर वाट्याला आली आणि तिच्यावर तीन अक्षरं, दोन आकडे असा छोटासा नंबर असला, की ब्रिटनमध्ये पहिला सल्ला हमखास मिळतो: नंबर काढून विका आणि गाडी भंगारात द्या. तिथे असा नंबर दुसऱ्या गाडीसाठी सुटा विकता येतो. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. गाडीचा जीव जातो हे तर आहेच, पण व्यवहार म्हणूनही तो चुकीचा आहे. नंबर उतरवून घ्यायचा तर गाडी स्वतःच्या इंजिनावर हलणारी हवी, सरकारी नोंदीत असलेली हवी आणि तपासणीला मागितली तर दाखवता यायला हवी. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी कागद, मग गाडी, त्यानंतर नंबर.

कागदांची सुरुवात फुकटात होते. डीव्हीएलए, म्हणजे स्वान्सीचं वाहन नोंदणी खातं, त्यांच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की कंपनी, रंग, टॅक्स आणि एमओटी, म्हणजे रस्त्यालायकीची चाचणी, यांची स्थिती दिसते. दिसली तर पुढे चला. काहीच निघालं नाही तर मात्र हातातला पाना खाली ठेवा. जुन्या नोंदी १९७० च्या दशकात कॉम्प्युटरवर जायला लागल्या आणि जुन्या लॉगबुकावरून नोंद करून घ्यायची मुदत १९८३ मध्ये संपली. त्याआधीच बंद पडलेली आणि कुणी नोंदवायची राहिलेली गाडी खात्याच्या लेखी नाहीच. अशा गाडीला व्ही७६५ योजनेतून, जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबची शिफारस आणि जुन्या लॉगबुकासारखा पुरावा जोडून मूळ नंबर परत मिळवता येतो. पण तो नंबर मग त्याच गाडीला कायमचा बांधला जातो, तो विकता येत नाही. तुमची गाडी यात मोडत असेल तर विक्रीचा विचार इथेच सोडा आणि मूळ नंबर परत मिळाल्याचा आनंद माना. तोही छोटा नाही.

नोंद असेल तर व्ही५सी, म्हणजे आजचं लॉगबुक, शोधा. हरवलं असेल तर व्ही६२ अर्ज आणि २५ पौंड भरून नवं मागवता येतं. त्यावर ज्याचं नाव असतं तो नोंदलेला धारक, तो मालक असेलच असं नाही. त्यामुळे गाडी वारशाने आली असेल तर मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि भावंडांची लेखी संमती आत्ताच गोळा करा. नंबराला भाव आहे हे कळल्यावर तीच संमती मिळणं अवघड होतं. मग बॉनेट उघडून इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावरची चासी नंबरची पट्टी कापडाने पुसा आणि एकेक आकडा व्ही५सीशी ताडून बघा. इंजिन नंबरही बघा, कारण जुन्या मायनरचं इंजिन मधल्या काळात कुणीतरी बदललेलं असणं अगदी नेहमीचं आहे. फरक दिसला तर आधी खात्याला कळवून नोंद दुरुस्त करून घ्या. तपासणीच्या दिवशी तो बाहेर यायला नको.

सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही अशी घोषणा, हा पुढचा कागद. नंबर उतरवायचा तर गाडीवर गेली पाच वर्षं सलग टॅक्स किंवा सॉर्न असायला लागतं. सॉर्न पाच वर्षांहून जास्त काळाचा असेल तर गाडीला चालू टॅक्स आणि एमओटी प्रमाणपत्र दोन्ही हवंत. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या याच अटीत अडकतात, आणि म्हणूनच गाडी खरोखर दुरुस्त करण्याला पर्याय नाही.

आता गाडी. मायनर १९४८ ते १९७१ पर्यंत बनली, सोळा लाखांच्या आसपास, आणि ब्रिटनमध्ये दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली गाडी. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. आपली अँबॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली त्याच घराण्यातली ही. अशी गाडी पुन्हा उभी करायला हिंमत करावी, असं मी मनापासून म्हणतो.

पहिल्या दिवशी सेल्फ मारू नका. ही एकच गोष्ट पाळली तरी निम्मं नुकसान टळतं. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना हे बघून पुढून हँडल घाला आणि हाताने फिरवा. मायनरला हँडलची सोय मुळातच आहे. हँडल हळू पण न अडखळता फिरलं, की पिस्टन सुटलेत. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल सोडा आणि वाट बघा. जुनं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. प्लग बाहेर असतानाच बराच वेळ फिरवत राहा, म्हणजे तेल बेअरिंगपर्यंत पोचेल. एअर फिल्टरचं झाकण मात्र त्याआधी उघडा. तिथे उंदरांनी गाद्यांचा भुसा आणि वर्तमानपत्राचे कपटे भरून ठेवलेले असतात, आणि ते इंजिनात ओढले गेले तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्याला वार्निशसारखा वास यायला लागलेला असतो आणि ते कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटून बसतं. रबरी नळ्या सरसकट बदला, कारण ब्रिटनच्या पंपांवर सप्टेंबर २०२१ पासून ई१० हेच साधं पेट्रोल आहे आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. कमी इथेनॉलचं महागडं ई५ घ्या, गाडीला ते सोसतं. शिसेयुक्त पेट्रोल २००० पासून बंद आहे, त्यामुळे सिलिंडर हेडच्या व्हॉल्व्हच्या बैठका पक्क्या केलेल्या आहेत का हेही विचारा. केलेल्या नसतील तर शिशाऐवजी पेट्रोलमध्ये घालायचं मिश्रण हाताशी ठेवा. नवं पेट्रोल घातल्यावर चावी फिरवा. टाकीतून पेट्रोल ओढणारा एसयू पंप टकटक वाजतो आणि नळ्या भरल्या की थांबतो. तो थांबतच नसेल तर कुठेतरी गळती आहे, आधी ती शोधा.

बॅटरी जोडताना घाई नको. त्या काळच्या मायनरमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्याला सवय असते त्याच्या उलट. उलटसुलट जोडली की डायनॅमोची व्यवस्था बिघडते. मधल्या एखाद्या मालकाने ती बदलूनही घेतलेली असू शकते, म्हणून तारा आणि खुणा बघितल्याशिवाय हात लावू नका.

ब्रेकमध्ये काटकसर करायची नाही. मायनरला एकच सर्किट असतं, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली बसवलेला असतो. गालिचा उचलला की त्याचं झाकण दिसतं, आणि बहुतेकदा तेलाऐवजी आत गंजाचा काळा चिखल असतो. तो सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, लवचीक नळ्या, सगळं नवंच घाला. ड्रम उघडताना आत साचलेली धूळ हवेच्या फुंकरीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. मास्क घाला, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून ठेवा.

पुढच्या चाकांखालचा ट्रनियन, म्हणजे चाक वळवणाऱ्या खांबाचा खालचा सांधा, आटे झिजले की सटकतो आणि चाक आतल्या बाजूला दुमडतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खडखड ऐकू आली तर बदला. ग्रीस वेळच्या वेळी भरलेलं असतं तर हा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. टायरच्या रेषा खोल दिसल्या तरी भुलू नका, बाजूच्या भिंतीवरचा तारखेचा शिक्का बघा. २००० पासून तो चार आकडी असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन आकडे दिसले तर टायर त्याहून जुना आहे आणि त्याच्यावर गाडी रस्त्यावर नेण्याचा विचारही करू नका.

गंज तपासताना वरचा रंग बघून काही कळत नाही. गाडी स्टँडवर घ्या, जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. पेचकसाचं टोक घेऊन दारांखालचे उंबरे, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांजवळचा भाग, चासीच्या लांब पट्ट्या आणि पुढच्या टॉर्शन बारच्या, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईच्या, आडव्या पट्टीवर दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथे वेल्डिंगचं काम आहे. जिथे पत्रा संशयास्पद गुळगुळीत वाटतो तिथे लोहचुंबक लावा, चिकटला नाही तर आत पुट्टी आहे. गाडी ट्रॅव्हलर, म्हणजे मागे लाकडी चौकट असलेली मायनर, असेल तर मागचं लाकूड शोभेचं नसतं, ते भार घेतं. ते कुजलं असेल तर गाडी चाचणीत नापास होते.

गाडी स्वतःच्या दमावर पुढे-मागे हलली, ब्रेक धरले, दिवे लागले, की एमओटीची वेळ घ्या. ४० वर्षांहून जुन्या आणि गेल्या ३० वर्षांत मोठा बदल न झालेल्या गाड्यांना २०१८ पासून ही चाचणी सक्तीची नाही. तरी करून घ्या. पाच वर्षांच्या सॉर्नची अट तर आहेच, शिवाय तुमच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्या कुणाला दिसतं. गाडीच्या चाचणीची कमाल फी ५४.८५ पौंड आहे. सॉर्नवरची गाडी आधी ठरवलेल्या चाचणीला चालवत नेता येते, पण विमा हवाच आणि गाडी चालवण्यालायक हवी. पहिल्यांदा ट्रेलरवरच न्या. पास झाली की ऐतिहासिक वर्गात टॅक्स करून घ्या. पैसे शून्य लागतात, प्रक्रिया मात्र पूर्ण करावी लागते.

आता नंबर. किंमतीचा अंदाज या टप्प्यावर घ्या, आधी नको, नाहीतर त्या आकड्याच्या नशेत दुरुस्ती उरकली जाते. १९६३ पासून नंबरात वर्ष दाखवणारं अक्षर यायला लागलं. त्याआधीच्या नंबरात वर्ष नाही, म्हणून तो कोणत्याही नव्या गाडीवर शोभतो, आणि तिथेच त्याचा भाव आहे. अक्षरं-आकडे जितके कमी, नावांची आद्याक्षरं म्हणून ती जितकी सर्रास आढळणारी, तितकी मागणी जास्त. ‘एफ १’ २००८ मध्ये ४,४०,००० पौंडांना गेला आणि ‘२५ ओ’ २०१४ मध्ये पाच लाखांच्या वर, पण ही टोकं आहेत. तीन अक्षरं आणि तीन आकड्यांचे नंबर पुष्कळ आहेत, त्यांना अशी किंमत येत नाही. दोन-तीन दलालांकडून लेखी अंदाज मागवा आणि त्यांची दलाली कुणाच्या खिशातून जाणार तेही लिहून घ्या.

८० पौंड भरून नंबर गाडीवरून उतरवला की व्ही७७८ दाखला मिळतो. तो दहा वर्षं चालतो आणि त्याचं नूतनीकरण करता येतं, म्हणजे विक्रीची घाई करायचं कारण उरत नाही. दाखल्याचा फोटो कुणालाही पाठवू नका, त्यावरचा संदर्भ क्रमांक हातात आला की नंबर दुसऱ्याच्या गाडीवर चढवता येतो. पैसे खात्यात जमा झाल्यावर खरेदीदाराच्या गाडीचं लॉगबुक मागवा आणि नंबर तिच्यावर स्वतःच चढवून द्या. नंबर न उतरवता गाडी विकली तर नंबर गाडीबरोबर जातो. अपघातात विमा कंपनीने गाडी ताब्यात घेतली तरी तेच होतं. मालक म्हणून आपल्याकडे नंबर लावण्याचा हक्क असतो, नंबर सरकारचाच असतो.

कराचा विचारही आत्ताच करा. खासगी गाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही, पण नंबर एकटा विकला तर तो गाडीत धरला जात नाही. रक्कम मोठी असेल तर हिशेबनीसाला आधी विचारा.

नंबर उतरवल्यावर गाडीला तिच्या वयाला साजेसा बदली नंबर मिळतो. नवं व्ही५सी हातात आलं की नोंदणीकृत दुकानातून नवी पाटी करून घ्या. १९८० च्या आधी बनलेल्या, ऐतिहासिक वर्गातल्या गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं चालतात, तीच घ्या. विमा कंपनीला नवा नंबर त्याच दिवशी कळवा. आणि आलेल्या पैशातून पहिलं बिल वेल्डिंगवाल्याचं, दुसरं ब्रेकचं, रंगाचं सगळ्यात शेवटी.