ढेकूण जात का नाहीत? या चुका टाळा

रात्री खाज सुटते, सकाळी चादरीवर रक्ताचा बारीक डाग दिसतो आणि संध्याकाळपर्यंत फवाऱ्याचा डबा घरात येतो. गादीवर मनसोक्त फवारलं की दोन-चार रात्री बऱ्या जातात. मग पुन्हा चावे, पुन्हा नवा डबा. डबे बदलून ढेकूण गेलेलं घर विरळाच, कारण फवारा पडतो गादीच्या वरच्या बाजूला आणि ढेकूण दिवसा तिथे नसतातच.

न शोधताच फवारणं

आधी हा ढेकूणच आहे याची खात्री करा. नुसत्या चाव्यांवरून डास की ढेकूण हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड घ्या. गादीची शिवण, बटणांचे खळगे, कॉटचे सांधे, स्क्रूची भोकं, दिवाणाच्या प्लायवुडच्या फटी या क्रमाने बघा आणि फटीतून कार्ड फिरवा. बॉलपेनने टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ओल्या कापडाने पुसा. लालसर-तपकिरी फासले गेले तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा असतो, पण नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू तिळाहून लहान आणि जवळजवळ पारदर्शक असतं. अंडी एक मिलिमीटरची, पांढरी, लाकडाला घट्ट चिकटलेली. लोखंडी कॉट असेल तर पायपांच्या टोकाची प्लॅस्टिकची बुचं काढून बघा. ती कोणी काढत नाही आणि निम्मी वस्ती तिथे निघते.

खोली बदलणं आणि गादी घरभर ओढणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. नेहमीचं चित्र असं: दोन खोल्यांचा फ्लॅट, ढेकूण फक्त आतल्या कॉटला. चावे असह्य झाले की मंडळी उशा-पांघरुणं उचलून हॉलमधल्या दिवाणावर झोपायला येतात. त्या पांघरुणांतून दहा-पाच ढेकूण आणि अंडी तेव्हाच हॉलमध्ये पोचतात. ढेकूण माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागाने येतो, त्यामुळे आतले उपाशी ढेकूणही हळूहळू बाहेर सरकतात. रविवारी गादी हॉलमधून, जिन्यावरून ओढत गच्चीवर नेली जाते आणि वाटेत जे गळायचं ते गळतं. गच्चीवर गादीचा वरचा थर तापतो, तेव्हा ढेकूण खालच्या गार बाजूला जातात. संध्याकाळी तीच गादी घरात. महिनाभरात सोफा, पडद्याच्या वरची पट्टी, मुलांचं दप्तर सगळीकडे ढेकूण, आणि घरचे म्हणतात, "एवढं ऊन दाखवलं तरी जात नाहीत!"

त्याच कॉटवर झोपा. ऐकायला क्रूर वाटतं, पण ढेकूण एका जागी राहिले तरच त्यांचा बंदोबस्त होतो. कॉट भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा, चादरीचं टोक जमिनीला लागू देऊ नका, कॉटखालच्या बॅगा आणि खोकी हलवा. पण हलवायच्या आधी त्याच खोलीत पिशव्यांत भरून तोंड बांधा. कपडे आणि चादरी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. फ्रिजच्या खालच्या कप्प्याचा यासाठी काही उपयोग नाही.

कॉट सुटी करा. सांधे आणि गादीच्या शिवणी व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि त्याची पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. मग वाफ. कपड्यांच्या स्टीमरने भागतं, फक्त तोंडाला रुंद जोड हवा. बारीक नळीच्या झोताने ढेकूण मरण्याआधी उडून भिंतीला जाऊन बसतात. एक फूट शिवणीला निदान अर्धं मिनिट द्या. अंड्यांसह सगळं मरायला 55 अंश तापमान फटीच्या आत पोचावं लागतं आणि हात भरभर फिरवला तर फक्त कापड ओलं होतं. घाई करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, नंतर वाफेला नावं ठेवतात. स्विचबोर्ड आणि प्लगजवळ वाफ नको, पाण्यातलं औषधही नको. वाळल्यावर गादीला सगळीकडून बंद होणारं चेनचं कव्हर घाला आणि वर्षभर काढू नका. उपाशी ढेकूण महिनोन्‌महिने तग धरतो. भिंतीच्या भेगा पुट्टीने भरा.

एकदा फवारलं, झालं

बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. आपल्या हवेत ती आठवडा-दीड आठवड्यात फुटतात आणि पिल्लू पुढच्या पाच-सहा आठवड्यांत अंडी घालायच्या वयाचं होतं. म्हणून दुसरी फवारणी 10 ते 14 दिवसांनी झालीच पाहिजे, गरज पडली तर तिसरीही. पेस्ट कंट्रोलवाल्याशी पैसे ठरवताना दोन्ही फेऱ्या धरून ठरवा. एका फेरीत हमी देणारा माणूस दारातूनच परत पाठवावा. आणि मात्रा दुप्पट करू नका. दुकानी फवाऱ्यांतल्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या औषधांना ढेकणांच्या बऱ्याच वस्त्या सरावल्या आहेत. जास्त औषधाने ढेकूण पांगतात आणि दमा असलेल्या माणसाला त्रास होतो.

धान्यातल्या गोळ्या कॉटखाली ठेवणं

हे वाचून कोणी एकाने जरी गोळी ठेवायचा बेत सोडला तरी पुरे. गव्हाच्या कोठीत टाकायच्या राखाडी गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. "कोणीतरी सांगितलं" म्हणून त्या गादीखाली ठेवून दार लावायचा प्रकार अजून चालतो. हवेतली ओल लागली की गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो: 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम, आणि पावसाळ्यात अधिक वेगाने. तो दाराखालून, पायपांच्या भोकांतून, भिंतीच्या भेगांतून शेजारच्या घरात जातो. त्यामुळे ज्यांनी गोळी ठेवली ते बाहेरगावी आणि शेजारची झोपलेली मुलं दगावली, असं घडतं. फॉस्फीनवर उतारा नाही. लक्षणं उलटी, छातीत दाटणं, धाप अशी असतात. जेवण बाधलं समजून लिंबूपाणी देण्यात वेळ जातो.

ही गोळी सामान्य गिऱ्हाईकाला विकायला कायद्याने परवानगी नाही, तरी सुटी मिळते. मिळते म्हणजे चालते असं नाही. खोलीत लसूण किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, किंवा गोळ्या ठेवल्याचं कळलं, तर सगळ्यांना बाहेर काढा, शेजाऱ्यांना उठवा, 112 ला फोन करा. वास आला नाही म्हणजे वायू नाही असं धरू नका. गोळ्या गोळा करायला आत जाऊ नका, त्यांवर पाणी तर अजिबात टाकू नका. धान्यात गोळ्या घातलेली कोठी झोपायच्या खोलीत असणं हाही तोच धोका.

बाकीचं थोडक्यात

बोरिक पावडर आणि झुरळांचं जेल: दोन्ही खाल्ल्याशिवाय लागू पडत नाहीत, आणि ढेकूण रक्ताशिवाय काही तोंडात घेत नाही.

कापूर, डांबर गोळ्या, कडुलिंबाचा पाला: वास येतो, ढेकूण राहतात.

रॉकेल, पेट्रोल, थिनर: अंगावर पडलं तर ढेकूण मरेल, पण कापसाची गादी आणि एक ठिणगी पुरते.

कॉटच्या पायांखाली गुळगुळीत वाट्या: ढेकूण वाटीत अडकावेत आणि त्यांना वर चढता येऊ नये, ही युक्ती परदेशी व्हिडिओंतली आहे. भारतात मुख्यतः आढळणारी उष्ण प्रदेशातली जात गुळगुळीत पृष्ठभागावरही चढते, तेव्हा वाटी रिकामी म्हणजे घर मोकळं असं समजू नका.

लाज वाटून गप्प बसणं: स्वच्छ घरातही ढेकूण येतात. ते सुटकेसमधून, हॉस्टेलच्या गादीतून, जुन्या बाजारातल्या दिवाणातून येतात. भिंतीपलीकडच्या घरात वस्ती असेल तर तुमच्या एकट्याच्या फवारणीने भागत नाही, दोन्ही घरांत एकाच दिवशी काम करून घ्या.

शेवटचा जिवंत ढेकूण दिसल्यानंतर आठ आठवडे, दर आठवड्याला टॉर्च घेऊन तेच सांधे तपासा. जुने काळे डाग आधीच पुसून ठेवा, म्हणजे नवा डाग पडला तर कळेल.