वॉकीटॉकी घेतलाय पण ऐनवेळी आवाजच जात नाही? या चुका टाळा

लाईट गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले की कपाटातल्या वॉकीटॉकीची आठवण येते. सेट चालू होतो, दिवा लागतो, आपण बोलतो पण पलीकडून काहीच उत्तर नाही. अशा वेळी लोक सेटला दोष देतात, पण बऱ्याचदा सेट अगदी ठणठणीत असतो, चूक झालेली असते खरेदीच्याही आधी. कुणाशी बोलायचंय, ती माणसं किती लांब असणार, आणि कुठल्या परवान्याखाली बोलणार हे तीन प्रश्न आधी सोडवा आणि मग सेट बघा, कारण तिन्ही उत्तरं मिळाली की निम्मे सेट आपोआप बाद होतात.

खोक्यावरचे किलोमीटर

"रेंज ३५ किमी" असं छापलेलं असतं आणि आपण ते धरून चालतो. हे आकडे डोंगराच्या टोकावरून खाली मोकळ्या दरीत, मध्ये काहीच आडवं नसताना मिळणारे असतात. वॉकीटॉकीच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे जमिनीवर उभी असलेली दोन माणसं, तोंडाच्या उंचीला सेट धरून, एकदम सपाट उघड्या मैदानात असली तरी १० किमीच्या आसपास पृथ्वीचा गोलावाच मध्ये येतो. आता त्यात इमारती, झाडी, चढउतार घाला. छोट्या हँडसेटवर एक-दोन किलोमीटर धरून प्लॅन करा, दाट वस्तीत त्याहूनही कमी. जास्त मिळालं तर चांगलंच आहे पण त्यावर कुणाचा जीव टांगून ठेवू नका.

मग लोक म्हणतात जास्त वॅटचा घेऊ. पॉवर चौपट केली, म्हणजे २ वॅटचे ८ वॅट केले, तरी समोरच्याच्या सिग्नल मीटरवर फक्त एक अंक वाढतो आणि बॅटरी मात्र भराभर संपते. त्यापेक्षा एक माणूस गच्चीवर किंवा टेकडीवर गेला तर फरक कितीतरी मोठा पडतो, १०० मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाला खालच्या माणसाशी बोलायची सैद्धांतिक मर्यादा ४५ किमीच्या पुढे जाते. दुसरा फायदा अँटेनाचा. सेटसोबत येतो तो आखूड रबरी अँटेना खिशात मावावा म्हणून आखूड केलेला असतो, नीट चालायला अँटेना पाव लहरीएवढा लांब हवा, १४६ मेगाहर्ट्झला पाव लहर जवळपास ४९ सेंटीमीटर होते आणि ४४६ ला १६ सेंटीमीटर, त्यामुळे खालच्या बँडवर, म्हणजे १४६ च्या आसपास, बोटभर अँटेना लावून फार अपेक्षा ठेवायची नाही. परवान्याच्या नियमात बसत असेल तर लांब अँटेना लावा, सेट उभा धरा, आणि बोलताना अँटेना मुठीत पकडू नका. अँटेना काढलेला असताना बोलायचं बटण दाबू नका, आतला पॉवरचा भाग जळू शकतो.

"लायसन्स कशाला, इमर्जन्सीत सगळं चालतं"

इथे मला जरा थांबून बोलायचंय कारण ही समजूत खूप पसरलीये. अमेरिकेच्या हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅमच्या, नियमांत अशी तरतूद आहे की माणसाच्या जिवाला तातडीचा धोका असेल आणि नेहमीची संपर्कसाधनं उपलब्ध नसतील तर हॅम स्टेशनने हाताशी असेल ते रेडिओ साधन वापरलं तरी नियम आड येत नाहीत. पण त्यावरून "सेट घेऊन ठेवू, लायसन्स नको" असा अर्थ काढला जातो तो चुकीचा आहे. ती सवलत त्या एका क्षणापुरती असते, आधीच्या सरावाला, टेस्टिंगला, गप्पांना नसते, आणि सराव नसेल तर त्या क्षणी तुम्हाला सेट चालवता येणार नाही. म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी हा बेत चालत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि ऑनलाईन मागवताना हे कुणी बघत नाही. अमेरिकेत एफआरएस नावाची बिनपरवाना सेवा आहे, २२ चॅनल, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास, जास्तीत जास्त २ वॅट, आणि अँटेना काढता येणार नाही असाच सेट हवा. युरोपात पीएमआर४४६ आहे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, अर्धा वॅट. भारतातही बिनपरवाना वॉकीटॉकीसाठी हाच ४४६.० ते ४४६.२ चा पट्टा मोकळा केलाय, पण सेटला सरकारी मान्यता लागते. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासची ८० चॅनलची सेवा आहे, त्यात ५ आणि ३५ ही चॅनलं इमर्जन्सीसाठी राखीव. आता गंमत नाही तर खरी अडचण बघा, युरोपात सगळ्यांना चालणारी ४४६ ची फ्रिक्वेन्सी अमेरिकेत हॅम बँडमध्ये येते, तिथे विनापरवाना बोललात तर तो गुन्हा. एका देशातला सेट दुसऱ्या देशात नेताना हे आधी बघाच.

काही देशांत नुसतं ऐकायला लायसन्स लागत नाही, पण काही ठिकाणी सेट जवळ बाळगायलाच लागतं, भारतात वर सांगितलेला बिनपरवाना पट्टा सोडला तर १९३३ च्या कायद्यापासून तसंच आहे. म्हणून स्वस्तात मिळणारा, सगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलू देणारा सेट बघितला की आधी हा प्रश्न विचारा. असे सेट कधीकधी कारखान्यातून येतानाच भलत्याच फ्रिक्वेन्सी भरून येतात आणि तिथे पोलीस, अग्निशमन किंवा एखाद्या हॉस्पिटलची यंत्रणा चालू असू शकते. आपत्तीत नेमक्या त्याच लाईनवर तुम्ही बटण दाबलं तर मदतीची हाक तुमच्या आवाजाखाली दबते. माझ्या मते दंडापेक्षा हे कारण मोठं आहे.

घरच्यांपुरतं आणि जवळपासच्या भागापुरतं बोलायचं असेल तर बिनपरवाना सेवेचा सेट पुरतो. अमेरिकेत पुढची पायरी म्हणजे जीएमआरएस ही परवान्याची सेवा, परीक्षा नाही, एका परवान्यात कुटुंब चालतं. त्याहून लांब जायचं असेल तर हॅमची परीक्षा द्या, भारतात वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. अभ्यास करताना जे कळतं तेच पुढे उपयोगी पडतं.

प्रायव्हसी कोड हा प्रायव्हेट नसतो

चॅनलपुढे जो कोड टाकतो तो म्हणजे आवाजाखाली चालणारा एक बारीक टोन, साधारण ६७ ते २५० हर्ट्झमधला. त्या टोनशिवाय आलेले आवाज तुमचा सेट ऐकवत नाही, एवढंच. तुमचं बोलणं मात्र कोड बंद ठेवलेल्या कुणालाही स्वच्छ ऐकू जातं, त्यामुळे घराचा पत्ता, घरी कुणी नाही, औषधं कुठे ठेवलीत असलं काही बोलू नका. आणि उलटा तोटा असा की चॅनल बरोबर पण कोड वेगळा असला तर समोरचा तुम्हाला हाका मारतोय आणि तुमच्या सेटला गावीही नाही. आमच्याकडे एका सरावात पाऊण तास हेच झालं, दोघंही ३ नंबरला होते, एकाच्या सेटवर आधीचा कोड राहून गेलेला. तेव्हापासून आमचा नियम, इमर्जन्सी चॅनलवर कोड शून्य.

बोलतोय पण जात नाही, तेव्हा हे बघा

सगळ्यात आधी मॉनिटर बटण, म्हणजे कोड आणि स्क्वेल्च बाजूला ठेवून जे येतंय ते सगळं ऐकवणारं बटण, दाबून धरा. ते दाबल्यावर समोरचा ऐकू आला तर कोडची गडबड आहे किंवा स्क्वेल्च (कमजोर सिग्नल आणि खरखर गाळणारी सोय) फार घट्ट लावलाय. तरीही काही नाही तर फ्रिक्वेन्सीचे आकडे दोघांनी मोठ्याने वाचून जुळवा, फक्त चॅनल नंबर नको, वेगवेगळ्या सेटमध्ये ५ नंबर म्हणजे वेगवेगळी जागा असू शकते. हॅमवाल्यांनी रिपीटरचं (उंचावर बसवलेलं, आपला आवाज पकडून पुढे लांब पाठवणारं यंत्र) ऑफसेट, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर, चालू राहिलंय का बघायचं, कारण तसं असेल तर तुम्ही ऐकताय एका जागी आणि बोलताय दुसऱ्याच जागी, थेट बोलताना ते बंदच हवं. रिपीटर स्वतःही आपत्तीत बंद पडू शकतो हे लक्षात ठेवून थेट बोलायची एक फ्रिक्वेन्सी आधीच ठरवून ठेवा.

दोन फ्रिक्वेन्सी एकदम ऐकणारे सेट असतात, त्यात आवाज येतो खालच्या ओळीवर आणि बटण दाबलं की जातो वरच्या ओळीवर. घाबरलेल्या माणसाकडून हे हमखास होतं. घरच्यांच्या सेटमध्ये ही सोय बंद करा आणि कीपॅड लॉक करून द्या. एक सेट डिजिटल आणि दुसरा साधा अॅनालॉग असेल तर कितीही बटणं दाबा जमणार नाही, दोन्ही अॅनालॉगवर आणा.

पहिला शब्द कापला जातो अशी तक्रार पण नेहमीची. सेट बॅटरी वाचवायला मधूनमधून झोपतो, त्याला जागं व्हायला क्षण लागतो, म्हणून बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. तोंडापासून चार बोटं लांब, नेहमीच्या आवाजात, ओरडलं की शब्द फाटतात. बोलून झाल्यावर बटण सुटलंय ना बघा, खिशात किंवा बॅगेत दबून राहिलेलं एक बटण सगळ्यांचं चॅनल बंद पाडतं.

टेस्ट करताना दोन सेट एकाच टेबलावर ठेवू नका. इतक्या जवळून सिग्नल एवढा जोरात येतो की समोरचा सेट गुदमरतो, किंवा चुकीच्या फ्रिक्वेन्सीवरही ऐकू येतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. एकाला ३०-४० मीटर लांब, भिंतीपलीकडे पाठवा. मग खऱ्या जागा तपासा, शाळा, ऑफिस, पाण्याची टाकी, आणि कुठून ऐकू येतं कुठून नाही ते कागदावर लिहून सेटच्या पाकिटात ठेवा.

बॅटरी महिनोन्महिने शंभर टक्के भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, लिथियमची असेल तर निम्म्याच्या आसपास ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी बघा, आणि वादळाचा इशारा आला की फुल्ल करा. साधे पेन्सिल सेल टाकता येणारी केस मिळत असेल तर जरूर घ्या, चार दिवस लाईट नसली की त्याची किंमत कळते. सतत हाक मारत बसायचं नाही, बोलताना बॅटरी सगळ्यात जास्त जाते. आम्ही दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं सेट चालू ठेवतो, बाकी वेळ बंद, आणि कुणाचा आवाज आला नाही तरी पुढच्या तासाला पुन्हा लावतो.