बोडीत शिंपले सोडताय? या चुका टाळा

पाणी हिरवं झालं की नदीतून पोतंभर शिंपले आणून बोडीत (छोट्या तळ्यात) ओतायचे, ही पहिली चूक. शिंपला पाणी गाळून शेवाळ खातो हे खरं. पण खाल्लेल्यातलं थोडं अमोनिया होऊन लगेच पाण्यात परततं आणि त्याची विष्ठा तळाशी बसते. पुढचं काम गाळातल्या जिवाणूंचं.

शिंपला पायाने गाळ उकरत सरकतो, तेव्हा वरच्या थरात प्राणवायू शिरतो. तिथले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. त्याखाली प्राणवायू नसतो. तिथले दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. खरा फायदा हाच. शेवाळ पोसणारं स्फुरदही (फॉस्फरस) प्राणवायू असेपर्यंत गाळातल्या लोहाला धरून राहतं.

प्राणवायू संपला की मात्र सगळं उलटतं. मे महिन्यात पाणी उतरतं, तापतं. अशा वेळी शिंपल्यांची गर्दी मासोळ्यांच्या वाट्याचा प्राणवायू खाते. गाळ काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, स्फुरद सुटतं आणि पाणी पुन्हा हिरवं. पहाटे कटला-रोहू वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर खत म्हणून शेण टाकणं बंद करा आणि शिंपले काढा. अमोनिया तपासाल तेव्हा सामूही (pH) मोजा, तोही दुपारी. सामू आणि तापमान चढलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात शिंपले सोडू नका. रुतायला गाळच नाही, मग उकरणार काय? हात लावूनही न मिटणारा शिंपला मेलेला समजा. आतलं मांस सडायच्या आत बाहेर काढा.

चीनच्या किनाऱ्यावर कोळंबीसोबत पाळतात ते खोल बिळं करणारे, खाऱ्या पाण्यातले लांबट शिंपले. आपला नेहमीचा शिंपला, लॅमेलिडेन्स, गोड्या पाण्यातला, वरवर रुतणारा. तिकडचं प्रमाण इकडे लावू नका. शिवाय तुमच्या तळ्यात मृगळ आणि सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासे असतील तर तळ ते ढवळतातच. माझ्या मते तिथे वेगळे शिंपले कशाला?

ब्लीचिंग पावडर टाकायची असेल तर शिंपले सोडण्याआधीच; ती शिंपल्यांसोबत कामाचे जिवाणूही मारते.

आणि संगोपन तळ्यात, म्हणजे माशांची पिल्लं वाढवतात त्या तळ्यात, शिंपले नकोतच. त्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मोठा रोहू ते सोसतो, बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) नाही.