अपवर्क, फायव्हर की अजून काही? पुण्यात बसून फ्रीलान्सिंगचा प्लॅटफॉर्म कसा ठरवायचा

"कुठला प्लॅटफॉर्म चांगला?" हा प्रश्न मला नुकतं कॉलेज संपलेली पोरं, बाळ लहान म्हणून घरी असलेल्या मैत्रिणी, हिंजवडीचा जॉब सोडायचा विचार करणारे असे सगळेच विचारतात आणि उत्तर प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं. यूट्यूबवर लोक कमिशनची तुलना करून मोकळे होतात पण कमिशन हा त्यातला छोटा भाग आहे. खरे प्रश्न तीनच, पैसे बँकेत कसे पडणार, काम तुम्ही शोधायचं की गिऱ्हाईक तुम्हाला शोधणार, आणि तुमचं काम नक्की काय आहे. मी याच क्रमाने बघायला सांगते, म्हणजे पैसे आधी.

हा क्रम बांगलादेशातल्या फ्रीलान्सर्सकडे बघून पटतो. आपल्याकडे लोकांना कल्पना नसते पण या धंद्यात बांगलादेश फार मोठा आहे, ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये मोजलं तेव्हा जगातल्या ऑनलाइन फ्रीलान्स कामगारांत भारताचा वाटा २४ टक्के, बांगलादेशचा १६ आणि अमेरिकेचा १२ होता. एवढा छोटा देश दुसऱ्या नंबरवर, आणि तेही त्यांच्याकडे पेपाल (परदेशातून ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा) सुरू झालेलं नसताना. त्यामुळे तिथला माणूस प्लॅटफॉर्म निवडताना पहिला प्रश्न हाच विचारतो की इथून पैसे पेओनियरवर (पेपालसारखीच दुसरी सेवा) किंवा थेट माझ्या बँकेत येतात का, पेओनियरवरून मग बँकेत नाहीतर बिकॅश या तिथल्या मोबाइल वॉलेटमध्ये घेतात, आणि जिथे फक्त पेपालच चालतं ती साइट कितीही भारी असली तरी त्याच्या यादीतून बाद. आपल्याकडे पेपाल आहे म्हणून आपण हा प्रश्न विचारतच नाही, आणि मग पहिलं पेमेंट आल्यावर कळतं की पेपालने आधी फी घेतली, वर डॉलरचा रेटही कमी लावला. आलेले पैसे पेपाल इथे रोजच्या रोज आपोआप बँकेत पाठवतं, रेट चांगला होईपर्यंत डॉलर तिथेच ठेवू म्हटलं तर तसं होत नाही.

म्हणून खातं उघडायच्या आधी एक काम करा. त्या साइटच्या हेल्प पेजवर जाऊन भारतासाठी पैसे काढायचे कुठले मार्ग आहेत ते वाचा, प्रत्येकाची फी वहीत लिहा, आणि पहिलं छोटं पेमेंट आलं की त्या दिवशीचा गूगलवरचा डॉलरचा रेट आणि तुम्हाला मिळालेला रेट शेजारीशेजारी लिहून बघा. तो फरक दिसायला बारीक असतो पण वर्षभराच्या कमाईवर लावून बघितला की लक्षात येतो.

आता काम मिळायची पद्धत. इथे बहुतेक लोक गोंधळतात कारण अपवर्क आणि फायव्हर दोन्ही "फ्रीलान्सिंग साइट" असल्या तरी स्वभाव एकदम वेगळे आहेत.

अपवर्कवर गिऱ्हाईक काम टाकतं आणि तुम्ही अर्ज करता (ईलान्स आणि ओडेस्क एकत्र येऊन ही साइट झाली, अपवर्क हे नाव २०१५ पासून). अर्जाला कनेक्ट्स म्हणजे साइटची टोकन लागतात, एक कनेक्ट १५ सेंटला, आणि एका अर्जाला किती लागतील ते कामावर अवलंबून. फी मे २०२५ पासून शून्य ते १५ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते, अर्ज करतानाच ती दिसते आणि त्या कॉन्ट्रॅक्टपुरती तीच राहते. फायव्हर २०१० मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालं, तिथे उलटं, तुम्ही दुकान मांडायचं म्हणजे गिग (काय काम, किती किमतीला याची जाहिरात) टाकायची आणि गिऱ्हाईक शोधत येणार, तिथे कमिशन सरळ २० टक्के, टिप मिळाली तर त्यातूनही तेवढंच. फ्रीलान्सर डॉट कॉम ऑस्ट्रेलियाचं, तिथे बोली लावायची.

लोक म्हणतात फायव्हर २० घेतं म्हणजे महाग. हिशोब करून बघू. समजा अपवर्कवर १०० डॉलरचं काम मिळालं, फी १० टक्के होती, म्हणजे १० डॉलर गेले. पण ते काम मिळायच्या आधी पाच अर्ज वाया गेले, सहावा लागला, प्रत्येकी १२ कनेक्ट्स धरले तर ७२ कनेक्ट्स म्हणजे १० डॉलर ८० सेंट. एकूण २०.८० गेले, फायव्हरपेक्षा जास्तच. शिवाय जीएसटी नंबर नसेल तर अपवर्क आपल्या फीवर १८ टक्के जीएसटी लावतं तो वेगळा. हेच काम पहिल्या-दुसऱ्या अर्जात मिळालं असतं तर अपवर्क स्वस्त पडलं असतं. म्हणजे अपवर्क कुणाला परवडतं? ज्याचा अर्ज लागतो त्याला. ज्याला नीट, मुद्देसूद इंग्रजी लिहिता येतं, समोरच्याचं काम वाचून त्यात नेमकी अडचण कुठे आहे हे पकडता येतं, त्याने अपवर्कवर जावं. गिऱ्हाइकाला यादीत तुमच्या अर्जाची सुरुवातच दिसते, तिथे "डिअर सर, आय ॲम हार्डवर्किंग" असेल तर तो उघडणारच नाही, त्या दोन ओळींत त्याच्या कामाबद्दल काहीतरी हवं.

फ्रीलान्सर डॉट कॉमवर फी १० टक्के किंवा ५ डॉलर, दोन्हीत जे जास्त ते, आणि ती प्रोजेक्ट स्वीकारतानाच कापली जाते, पैसे हातात यायच्या आधी. म्हणजे २० डॉलरच्या कामावर ५ डॉलर गेले, पाव हिस्सा. छोटी कामं करणाऱ्याने तिथे सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या काँटेस्ट डिझाइनवाल्यांना हात साफ करायला ठीक, पण बक्षीस जिंकणाऱ्यालाच मिळतं, बाकीच्यांची मेहनत फुकट, त्यामुळे कमाई म्हणून त्यावर विसंबू नका.

पैसे कधी हातात येतात हेही बघा, खोलीचं भाडं किंवा ईएमआय असेल तर विशेष. फायव्हरवर काम पाठवल्यावर गिऱ्हाईक गप्प बसलं तर तीन दिवसांनी ऑर्डर आपोआप पूर्ण धरतात आणि त्यानंतर नवीन सेलरचे पैसे १४ दिवस अडकतात. अपवर्कवर तासाचं काम असेल तर आठवडा संपल्यावर साधारण दहा दिवसांनी पैसे मोकळे होतात, आणि त्यांचा आठवडा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने चालतो म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला संपतो, हे लक्षात ठेवलं की रविवारी रात्री जागून केलेलं काम कुठल्या आठवड्यात पडलं असा गोंधळ होत नाही. तासाच्या कामात त्यांचा ट्रॅकर स्क्रीनचे फोटो काढतो, काहींना ते आवडत नाही, पण नियम पाळून ट्रॅकर लावला असेल तर गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी तुम्हाला संरक्षण मिळतं. नवीन माणसाने ही सोय सोडू नये. ठरावीक रकमेचं काम असेल तर आधी पैसे एस्क्रोमध्ये (काम होईपर्यंत साइटकडे जमा) भरलेले दिसू देत मगच फाइल उघडा, "तुम्ही सुरू करा मी संध्याकाळी भरतो" याला भुलू नका.

आता तिसरा प्रश्न, आणि पुण्यातल्या लोकांनी यावर सगळ्यात जास्त विचार करावा असं मला मनापासून वाटतं. लोक डेटा एंट्री, लोगो, फोटोचं बॅकग्राउंड काढणं यातच घुसतात. फोटो एडिटिंग आणि क्लिपिंग पाथच्या (फोटोतली वस्तू कडेने कापून वेगळी काढायच्या) कामात बांगलादेशात मोठमोठे स्टुडिओ बसलेत, टीम लावून रातोरात शेकडो फोटो साफ करून देतात, त्यांच्या रेटशी तुम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्याने लढू नका, गरजही नाही, कारण पुण्याकडे त्यापेक्षा वेगळ्या गोष्टी आहेत.

एक म्हणजे मेकॅनिकल. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत सॉलिडवर्क्स, कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरवर काम आणि शीट मेटलचे ड्रॉइंग करून करून ज्यांचा हात बसलाय त्यांनी अपवर्कवर जावं, तिथे बाहेरच्या छोट्या कंपन्या आणि एकेकटे प्रॉडक्ट बनवणारे लोक अशा माणसाला शोधत असतात, आणि उत्पादन कसं होतं हे माहीत असलेला माणूस नुसतं सॉफ्टवेअर शिकलेल्यापेक्षा पटकन उठून दिसतो. फक्त कंपनीचं ड्रॉइंग पोर्टफोलिओत टाकायचं नाही, ते कंपनीचं असतं, घरातला मिक्सर किंवा सायकलचा ब्रॅकेट मोजून स्वतःचं मॉडेल करा.

दुसरं म्हणजे भाषा. मॅक्स म्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूट, जपानीचे इतके क्लास, यातून जर्मन-जपानी पक्की केलेले लोक पुण्यात भरपूर आहेत आणि त्यातले कितीतरी फायव्हरवर पाच-पाच डॉलरला पानं भाषांतर करत बसतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. भाषांतरवाल्यांनी आधी प्रोझ (ProZ) ही भाषांतरकारांची साइट बघावी, तिथे एजन्सी भाषांतरकार शोधतात, आणि ब्लू बोर्ड म्हणून भाग आहे जिथे भाषांतरकार एजन्सींना रेटिंग देतात, कोण पैसे वेळेवर देतं कोण टांग मारतं ते काम घ्यायच्या आधी कळतं. ही सोय मोठ्या साइट्सवर अशी मिळत नाही.

तिसरं मराठी. माझी मावसबहीण कर्वेनगरला राहते, सुलेखन सुंदर करते, तिने फायव्हरवर आधी नुसतं "आय विल डिझाइन अ लोगो" अशी गिग टाकलेली, महिनोन्महिने शांतता. मग शीर्षक बदलून मराठी लग्नपत्रिका आणि देवनागरी अक्षरलेखन असं केलं, नमुन्याला एक मुंजीची आणि एक लग्नाची पत्रिका लावली, किमतीत दुरुस्तीचे फेरे किती ते स्पष्ट लिहिलं. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडून चौकशी यायला लागली, कारण तो शोध टाकला की समोर येणारी माणसंच मोजकी. फायव्हर असं वापरायचं, ज्या गोष्टीसाठी कुणीतरी नेमके शब्द टाकून शोधेल ती गोष्ट विकायची. मराठी व्हॉइस-ओव्हर, सबटायटल, हे सगळं त्यात बसतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगत नाही, अनुभव दांडगा असेल तर टॉपटलसारख्या गाळून घेणाऱ्या साइटची परीक्षा देऊन बघा, नाहीतर अपवर्क.

सुरुवातीला एकच साइट घ्या. चारीकडे अर्धवट प्रोफाइल केली की एकीकडेही रिव्ह्यू साठत नाहीत, आणि या साइट्सवर पहिले काही रिव्ह्यू मिळेपर्यंतच खरा त्रास असतो. पण गिऱ्हाईक जुनं झालं की सगळा संपर्क त्या एकाच खिडकीतून ठेवू नका असंही सांगते, यात नियम मोडायचा नाही, अपवर्कवर ओळख झालेल्या गिऱ्हाइकाला दोन वर्षं बाहेर नेता येत नाही, न्यायचं तर फी भरावी लागते. मी म्हणतेय ते अडचणीच्या दिवसासाठी. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात आंदोलनाच्या काळात सरकारने इंटरनेटच बंद केलं, कित्येक दिवस पूर्ण अंधार, तिथल्या फ्रीलान्सर्सना गिऱ्हाइकाला "मी आहे, नेट नाही" एवढं कळवायचीही सोय राहिली नाही, डेडलाइन गेल्या, ऑर्डर रद्द झाल्या, वर्षानुवर्षांचं रेटिंग घसरलं. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीला लाइट जाते तेवढीच अडचण असेल तरी दुसऱ्या कंपनीचं सिम, चार्ज केलेला लॅपटॉप आणि डेडलाइनमध्ये एक दिवस जास्तीचा मागून ठेवणं एवढं करा, आणि प्लॅटफॉर्मचं ॲप घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाला दाखवून ठेवा की दवाखान्यात जावं लागलं तर निदान तुमच्या फोनवरून एक मेसेज टाकता येईल.

फसवणुकीबद्दल थोडंच पण नीट वाचा. काम द्यायच्या आधी रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, सॉफ्टवेअरचे पैसे मागितले की तिथेच थांबा. आपल्याकडे डेटा एंट्रीच्या नावाखाली आधी ॲग्रीमेंट करून घेतात, मग तुमच्या कामात चुका निघाल्या म्हणून वकिलाची नोटीस पाठवून पैसे मागतात, घाबरून भरणारे खूप आहेत. भरू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि अपवर्कवर कुणी पहिल्याच मेसेजमध्ये टेलिग्रामवर या म्हटलं की रिपोर्ट करा.

शेवटी कागदपत्रं, कारण लोकांना ही मार्चमध्येच आठवतात. प्रोफाइलवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव तंतोतंत एक ठेवा, लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी ते सगळीकडे सारखं करून घ्या, पेमेंट अडकायचं ते एक नेहमीचं कारण आहे. अपवर्क पॅन मागतं आणि थोडा टीडीएस कापतं, तो २६एएस या टॅक्स खात्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो, रिटर्न भरताना परत धरता येतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक पेमेंटची एफआयआरए म्हणजे पैसे परदेशातून आल्याची पावती डाउनलोड करून महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. बँक पर्पज कोड म्हणजे पैसे कशाचे आले त्याचा कोड विचारेल, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीला पी०८०२ असतो, तुमच्या कामाला कुठला ते शाखेत विचारून घ्या. वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल जायला लागली की जीएसटीचं बघावं लागतं, बाहेरच्या गिऱ्हाइकाला दिलेली सेवा निर्यात धरली जाते आणि एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरला तर टॅक्स न लावता बिल करता येतं. हे सगळं फ्रीलान्सर्सचं काम करणाऱ्या सीएला पहिल्या पेमेंटनंतरच एकदा भेटून विचारा, आणि जाताना ती पैशांच्या नोंदींची वही बरोबर न्या.