पिल्लू घरी आणण्यापूर्वी: फ्लॅटमधील कुटुंबासाठी तयारीची यादी

शहरातील फ्लॅटमध्ये प्रथमच कुत्र्याचे पिल्लू आणू पाहणाऱ्या कुटुंबाने खरेदीला निघण्याआधी पुढील तीन महिन्यांचा दिनक्रम कागदावर मांडावा. पिल्लामुळे होणारी बहुतेक ओढाताण ही वेळेची असते. सकाळी सहाला कोण उठणार, दुपारी घरात कोण थांबणार, मध्यरात्री ते रडू लागले तर कोण जागे होणार, या प्रश्नांची उत्तरे नावानिशी लिहावीत. ‘सगळे मिळून बघू’ हे उत्तर ग्राह्य धरू नये, कारण असे मोघम ठरलेले काम थोड्याच दिवसांत आईच्या अंगावर येऊन पडते. घर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंदच राहणार असेल, तर पिल्लाऐवजी मोठे झालेले, शांत स्वभावाचे कुत्रे दत्तक घेण्याचा विचार करावा.

पिल्लू आठ आठवड्यांहून लहान नसावे. त्याहून लहान पिल्लाच्या विक्रीला २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनी मनाई केलेली आहे आणि रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या गावठी पिल्लालाही, त्याची आई हयात असेल तर, हाच निकष लावावा; दात किती जोराने रुतवायचे याचा पहिला धडा पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकते. जातीची निवड हवेकडे पाहून करावी. हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, तर गावठी कुत्रे याच हवेत घडलेले असते.

पशुवैद्य आधी ठरवावा आणि रात्री उघडे असणाऱ्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांवरील एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते आणि तिच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस साधारणपणे तिसरा महिना पूर्ण झाल्यावर देतात. जंतांचे औषध आणि गोचिडांवरील उपाय वजनाप्रमाणे ठरत असल्याने ते पशुवैद्याकडूनच लिहून घ्यावेत. घरात पूर्वी एखादे पिल्लू पार्व्होने दगावले असेल, तर ही गोष्ट पशुवैद्याला आवर्जून सांगावी. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने मरेलच असे नाही. त्यासाठी ब्लीचचे पाणी वापरावे लागते.

सर्वांत अवघड पेच इथेच उभा राहतो. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या आवारात जमिनीवर सोडणे धोक्याचे असते, परंतु जगाची ओळख निर्धास्तपणे करून घेण्याचे त्याचे वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचेच असते, आणि या काळात चार भिंतींआड कोंडलेले पिल्लू पुढे रिक्षाच्या आवाजाला, छत्रीला, हेल्मेट घातलेल्या माणसाला घाबरून भुंकत राहते. यावरचा मार्ग म्हणजे पिल्लाला कडेवर घेऊन फिरवणे. फाटकाशी उभे राहून त्याला वाहने दाखवावीत, वॉचमनच्या हातून खाऊ द्यावा, लिफ्टमधून वर-खाली न्यावे, आणि घरात कुकरची शिट्टी व मिक्सरचा आवाज आधी दुरून ऐकवावा. ते अंग चोरू लागले की तिथेच थांबावे. जबरदस्तीने भीती जात नाही, उलट घट्ट बसते.

घराची पाहणी मात्र गुडघ्यांवर बसून, पिल्लाच्या नजरेच्या उंचीवरून करावी. चार्जरच्या वायरी वर उचलाव्यात, कपाटाखालच्या डांबरगोळ्या आणि उंदरांचे औषध काढून टाकावे, बाल्कनीच्या गजांना जाळी लावावी, कुंड्यांमधील कण्हेर व सायकस हलवावेत, कारण दोन्ही विषारी आहेत. स्वयंपाकघरातील चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका-बेदाणे त्याच्या तोंडी लागू नयेत. पूजेच्या दिवशी बेदाणे घातलेला शिरा कौतुकाने भरवणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावे. माणसांसाठीची पॅरासिटामॉलसारखी गोळी परस्पर कधीही देऊ नये.

आहाराबाबत फार खल नको. पहिले काही दिवस ते जे खात आले तेच द्यावे आणि नवे अन्न आठवडाभरात थोडेथोडे मिसळत जावे. केवळ दूध-पोळीवर पिल्लाचे पोषण होत नाही आणि गाई-म्हशीच्या दुधाने अनेकांना जुलाब होतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे.

शी-शूची जागा पहिल्याच दिवशी ठरवावी आणि झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळून झाल्यावर त्याला तिथे न्यावे. काम तिथे होताक्षणी शाबासकी द्यावी. चुकीच्या जागी झाले तर नाक घासण्याचा जुना प्रकार करू नये. त्यातून पिल्लू लपून शू करायला शिकते. फरशी वासासकट साफ करणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे, कारण वास उरला की तीच जागा पुन्हा निवडली जाते.

चावण्याची तक्रार सहसा चौथ्या ते सहाव्या महिन्यात, दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के दात येताना, कळसाला पोहोचते. हाताऐवजी चघळण्याचे खेळणे पुढे करावे आणि दात लागले की खेळ तत्काळ थांबवावा. रेबीजची लस न झालेल्या, विशेषतः रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचे दात किंवा नखे लागून ओरखडा उठला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पिल्लू लहान आहे म्हणून हे टाळू नये.

रात्रीसाठी उंच कडांचे खोके आपल्या पलंगाशेजारी ठेवावे. हात खाली सोडला की पिल्लाला स्पर्श कळतो. एकटे राहण्याचा सराव मात्र पहिल्या आठवड्यापासूनच, दोन-तीन मिनिटांपासून सुरू करून, हळूहळू वाढवावा.

शेवटी कागदपत्रे. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रे पाळण्यास बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. त्यांची एक प्रत जवळ ठेवावी, मात्र सचिवांशी पहिली भेट ती प्रत न दाखवता घ्यावी. रेबीजची लस झाली की तिच्या प्रमाणपत्रासह महापालिकेच्या परवान्यासाठी अर्ज करावा आणि गळ्यातील पट्ट्यावर आपला फोन क्रमांक कोरून घ्यावा.