एसएटीचा स्कोर भारी आलाय? मग अमेरिकेतल्या कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप अशी शोधा

एसएटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीची १६०० मार्कांची परीक्षा. तिला १५०० च्या वर स्कोर आला की घरात पेढे येतात आणि लगेच कोणीतरी मामा फोनवर सांगतो, आता काय, स्कॉलरशिप पक्की. असं नसतं हो. १५०० म्हणजे साधारण वरच्या दोन टक्क्यांत, भारीच आहे, वादच नाही, पण पैसे मिळणार की नाही हे स्कोर किती यापेक्षा तो कुठे पाठवला यावर जास्त ठरतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी इथे मेरिट स्कॉलरशिप, म्हणजे घरची ऐपत न बघता गुणवत्तेवर मिळणारे पैसे, हा प्रकारच नाही, १६०० पैकी १६०० घेऊन गेलात तरी नाही. तिथे मदत मिळते ती घरची ऐपत बघून, आणि ही चारही कॉलेजं परदेशी मुलांनी मदत मागितली म्हणून अ‍ॅडमिशन नाकारत नाहीत, त्यामुळे घरचं उत्पन्न खरंच कमी असेल तर तिथे बिनधास्त अर्ज टाका. मी बोलतेय ते मधल्या घरांबद्दल, दोघं नोकरी करतात, बोरिवली नाहीतर ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, त्यामुळे कागदावर गरीब नाही आणि वर्षाला चाळीस-पन्नास लाख काढून देता येतील असंही नाही.

आधी दोन गैरसमज काढून टाकू. न्यूजर्सीतल्या चुलत भावाला "नॅशनल मेरिट" मिळालं म्हणून आपणही पीएसएटी, म्हणजे एसएटीच्या आधीची सराव परीक्षा, देऊन ते मिळवू असं बऱ्याच जणांना वाटतं, ती स्पर्धा अमेरिकन नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठी आहे, मुंबईत बसून पीएसएटी दिली तर सराव होईल, पैसे नाही. दुसरं, "टाटांची स्कॉलरशिप घे ना". जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे आणि ती मुळात कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे परत फेडायची. बारावीनंतर जाणाऱ्याच्या ती कामाची नाही. कॉर्नेलमध्ये टाटांच्या देणगीतून भारतीय मुलांना बारावीनंतरच्या शिक्षणासाठी मदत मिळते ते खरं, पण तीही घरची गरज बघून, मार्क बघून नाही.

आता मेरिटचे पैसे कुठून येतात ते बघा. कॉलेजला आपल्या वर्गाचा सरासरी स्कोर वर न्यायचा असतो, चांगली मुलं दुसरीकडे जाऊ द्यायची नसतात, म्हणून ते तुम्हाला फीमध्ये सूट देतात. बहुतेक वेळा ही सूटच असते, कोणी तुमच्या खात्यात पैसे टाकत नाही. मग सूट कोणाला देतील? ज्याच्यामुळे त्यांचा आकडा वर जातो त्याला. जिथे सगळ्यांनाच १५५० आहेत तिथे तुमचे १५१० कोण विचारतो, पण जिथे वरच्या पाव मुलांचा स्कोर १४०० पासून सुरू होतो तिथे तेच १५१० म्हणजे हवंहवंसं गिऱ्हाईक. सगळी गंमत इथेच आहे आणि इथेच लोक चुकतात, कारण यादी बनवताना रँकिंग उघडून वरून खाली पंधरा नावं लिहितात.

हे शोधायचं कसं? गुगलवर कॉलेजचं नाव टाका आणि पुढे "कॉमन डेटा सेट" लिहा. बरीच कॉलेजं दरवर्षी हा एक ठरावीक नमुन्यातला तक्ता स्वतःच टाकतात. लांबलचक असतो, सगळा वाचू नका. सी९ मध्ये एसएटीचे आकडे असतात, खालचा पाव, मधला, वरचा पाव. तुमचा स्कोर वरच्या पावाच्या आकड्याच्याही वर असेल तर कॉलेज यादीत ठेवा. मग एच२ए बघा, गरज नसलेल्या किती मुलांना पैसे दिले आणि सरासरी किती दिले ते तिथे कळतं. आणि तिसरं, जे कोणी बघतच नाही, ते एच६, परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेज काही देतं का, किती जणांना, सरासरी किती. इथे शून्य असेल किंवा परदेशींना मदत नाही असं लिहिलं असेल तर वेबसाइटवर कितीही गोड लिहिलेलं असू दे, पुढे जा. एका कॉलेजला पंधरा मिनिटं लागतात, एका रविवारी दहा-बारा कॉलेजं होऊन जातात, एक्सेलमध्ये टाकत चला.

प्रकार ढोबळमानाने दोन. एक आपोआप मिळणारी, म्हणजे एवढा जीपीए (मार्कांची सरासरी, बहुधा ४ पैकी) आणि एवढा एसएटी किंवा एसीटी (एसएटीसारखीच दुसरी परीक्षा) असेल तर एवढे डॉलर असा तक्ताच वेबसाइटवर असतो, अलाबामा युनिव्हर्सिटी ह्यासाठी प्रसिद्ध आहे. रकमा आणि अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे तुमच्या वर्षाचं आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं पान उघडूनच बघा, दोन वर्षांपूर्वीच्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नका. दुसरा प्रकार स्पर्धेचा, हजारो अर्जांतून थोडे निवडतात, निबंध, कधी इंटरव्ह्यू. यूएससीची, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची, ट्रस्टी स्कॉलरशिप पूर्ण ट्यूशनची (शिकवण्याच्या फीची), बोस्टन युनिव्हर्सिटीची ट्रस्टी पण तशीच, व्हँडरबिल्टचीही आहे. इथे १५५० हे फक्त दारातून आत जायचं तिकीट, पुढे बाकी सगळं बघतात. यादीत अशी दोन-तीन ठेवा, त्यांच्या भरवशावर राहू नका.

एक सापळा सांगते. "टेस्ट ऑप्शनल" लिहिलंय म्हणून स्कोर पाठवायचाच नाही असं करू नका, काही ठिकाणी अ‍ॅडमिशनला स्कोर ऐच्छिक असतो पण मोठ्या स्कॉलरशिपसाठी तो लागतोच. आणि ह्याच्या बरोबर उलटं कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचं, बर्कली, यूसीएलए वगैरे. तिथे एसएटी ना अ‍ॅडमिशनला बघतात ना स्कॉलरशिपला, तुमचा भारी स्कोर तिथे वाया.

आता हिशोब, कारण लोक स्कॉलरशिपचा आकडा बघून हुरळतात. समजा एका कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च ६०,००० डॉलर आणि स्कॉलरशिप २५,०००. दुसऱ्याचा खर्च ३८,००० आणि स्कॉलरशिप १५,०००. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला पहिली छान. पण डॉलर ८५ रुपये धरला तरी पहिल्यात वर्षाला २९ लाख ७५ हजार भरायचे आणि दुसऱ्यात १९ लाख ५५ हजार, दहा लाखांचा फरक. दादरच्या दुकानात आधी किंमत चढवून मग "फ्लॅट चाळीस टक्के" ची पाटी लावतात ना, तसं आहे हे, पाटी बघायची नाही, बिल बघायचं. आणि अजून एक, स्कॉलरशिपचा आकडा बहुतेक वेळा चारही वर्षं तोच राहतो, फी मात्र दरवर्षी वाढते. त्या ६०,००० वर वर्षाला चार टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षी तुमच्या खिशातून ३५,००० नाही, ४२,५०० च्या आसपास जातात. कर्ज काढताना बापाने हा चौथ्या वर्षाचा आकडा डोक्यात ठेवायचा, पहिल्याचा नाही.

स्कोरबरोबर मार्क लागतातच, आणि इथे आपल्या एचएससीवाल्यांची पंचाईत होते. अमेरिकन कॉलेज नववी ते बारावी चारही वर्षं बघतं. आपल्याकडे अकरावी म्हणजे टाइमपास, क्लासच्या नादात कॉलेजला कोणी जात नाही, टर्मिनलला काठावर पास झालं तरी चालतंय. ते ४८ टक्के मग ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या मार्कांच्या अधिकृत तक्त्यावर, येऊन बसतात आणि जीपीए खाली ओढतात. अकरावीत असाल तर आत्ताच सांगते, परीक्षा नीट द्या.

ट्रान्सक्रिप्ट हे स्वतंत्र प्रकरण आहे. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजमध्ये, म्हणजे दोन ठिकाणचे कागद. कॉलेजच्या खिडकीवर जाऊन "ट्रान्सक्रिप्ट पाहिजे" म्हटलं की आतून उत्तर येतं "बोनाफाइड पाहिजे का? फॉर्म भर, मंगळवारी ये", मंगळवारी गेलं तर खरंच बोनाफाइड हातात. त्यांची चूक नाही, त्यांच्याकडे कोणी असं मागायला येतच नाही. सोपा उपाय, घरीच एका पानाचा तक्ता टाइप करा, विषय, मिळालेले मार्क, एकूण मार्क, वर्ष, सोबत निकालपत्रांच्या झेरॉक्स जोडा, आणि कॉलेजच्या लेटरहेडवर घेऊन व्हाइस प्रिन्सिपल मॅडमची सही आणि गोल शिक्का मागा. दोन-तीन प्रती सीलबंद पाकिटात घेऊन ठेवा. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या वेबसाइटवर, शाळेचा "काउन्सेलर" विचारतात, आपल्या कॉलेजात असा माणूस नसतो, तिथे व्हाइस प्रिन्सिपल किंवा सुपरवायझर सरांचं नाव चालतं, फक्त त्यांचा रोज बघितला जाणारा ईमेल घ्या आणि फॉर्म कसा भरायचा ते शेजारी बसून दाखवा. हे सगळं गणपतीच्या आधी उरका, दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसात कोणी भेटत नाही आणि १ नोव्हेंबर नेमका त्याच सुमारास येतो.

१ नोव्हेंबर ह्यासाठी की स्कॉलरशिपची तारीख बऱ्याचदा अ‍ॅडमिशनच्या तारखेच्या आधी असते. यूएससीच्या मेरिटसाठी १ नोव्हेंबर, बोस्टनच्या ट्रस्टीसाठी १ डिसेंबर. जानेवारीत अर्ज केला तर अ‍ॅडमिशन मिळेल, पैसे हातचे गेलेले असतील. म्हणून अकरावी संपली की मे-जूनला एसएटी द्या, कमी आला तर ऑगस्टला परत, ऑक्टोबर शेवटची. बरीच कॉलेजं दोन वेळांतले मॅथ्स आणि इंग्लिशचे चांगले आकडे एकत्र धरतात, त्यामुळे दुसऱ्यांदा दिल्याचा फायदाच असतो. डिसेंबरनंतर प्रीलिम आणि बोर्ड, तेव्हा निबंध सुचत नाहीत.

लवकर अर्ज करायचे दोन प्रकार असतात, त्यातल्या "अर्ली डिसिजन" पासून जरा लांब रहा. त्यात मिळालं तर जायलाच लागतं, दुसऱ्यांच्या ऑफर बघायला मिळत नाहीत, आणि आपला सगळा खेळच ऑफर शेजारी शेजारी ठेवून बघण्याचा आहे. "अर्ली अ‍ॅक्शन" मात्र जरूर, त्यात बहुतेक ठिकाणी बांधिलकी नसते.

खासगी काउन्सेलरकडे जायचं का? जा हवं तर, पण पहिल्याच भेटीत विचारा, तुम्हाला कुठल्या कुठल्या युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं. काहींचे टाय-अप असतात, मग तुमच्या यादीत तीच नावं येतात. "शंभर टक्के स्कॉलरशिपची गॅरंटी" असा बोर्ड दिसला की चपला घालून बाहेर. कमिशनशिवाय माहिती हवी असेल तर न्यू मरीन लाइन्सला यूएसआयईएफ ह्या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं ऑफिस आहे, अमेरिकन सरकारच्या एज्युकेशन-यूएसएचं सल्ला केंद्र तिथेच, चर्चगेटहून चालत, जायच्या आधी वेबसाइटवर वेळ बघून घ्या.

मार्च-एप्रिलमध्ये ऑफर आल्या की प्रत्येक पत्रात तीन गोष्टी शोधा. किती वर्षांसाठी, टिकवायला जीपीए किती लागतो, आणि मेजर (मुख्य विषय) बदलला तर राहते का. ३.० ची अट बरी, ३.५ ची असेल आणि मुलगा इंजिनिअरिंगला जाणार असेल तर विचार करा, पहिलं सेमिस्टर सगळ्यांनाच जड जातं. मग जिथे जायचंय त्या कॉलेजला एक साधा, नम्र ईमेल टाका, मला यायचंय, पण ह्या दुसऱ्या कॉलेजने एवढे दिलेत, पत्र जोडलंय, काही वाढवता येईल का. काही ठिकाणी नाही म्हणतात, काही ठिकाणी दोन-चार हजार डॉलर वाढवून देतात, विचारलं म्हणून मिळालेली ऑफर काढून घेत नाहीत. हे १ मेच्या बरंच आधी करा, कारण तोपर्यंत डिपॉझिट भरायचं असतं, एचएससीचा निकाल लागो न लागो.

राहता राहिला व्हिसा. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज पाठवतं त्या कागदावर, स्कॉलरशिपची रक्कम बरोबर आली आहे का ते आधी तपासा, कारण उरलेले पैसे कुठून येणार ते बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यूत त्यावरूनच विचारतात. स्कॉलरशिप राहण्या-जेवणालाही पुरत असेल, अशी नशीबवान मुलं थोडी, तर ट्यूशन-पुस्तकांच्या वरच्या भागावर तिथे टॅक्स लागतो, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांचा साधारण १४ टक्के आधीच कापतात, वर्षाच्या शेवटी रिटर्न भरून त्यातलं काही परत मिळू शकतं. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी ३५० डॉलर वेगळी, ती मात्र स्कॉलरशिपमधून जात नाही, घरूनच भरायची.