सह्याद्रीच्या ओढ्यांतली मेफ्लाय: नवी प्रजाती ओळखायची आणि वर्णायची कशी

पावसाळा ओसरून पाणी निवळलं की ऑक्टोबर ते जानेवारी हा मेफ्लाय या कीटकाचे निम्फ, म्हणजे पाण्यात वाढणारी पिल्लं, गोळा करण्याचा सर्वांत चांगला काळ. उत्तर सह्याद्रीतले बरेच ओढे मार्चनंतर आटू लागतात आणि भर पावसात जाळं धरून उभं राहता येत नाही. ताम्हिणी, कोयना, राधानगरी अशा अभयारण्यांच्या हद्दीत काम असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हातात हवी.

इथे भर बीटिडी या मेफ्लायच्या एका कुळाच्या निम्फांवर आहे. खळाळत्या पाण्यात तेच ढिगाने हाती लागतात आणि घाईने ‘नवी प्रजाती’ जाहीर करण्याचा मोहही तिथेच जास्त होतो.

आधी मेफ्लायच आहे ना, हे पाहा. पायाच्या टोकाला एकच नखी आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या जोड्या, ही तिची खूण. स्टोनफ्लाय या ओढ्यातल्याच दुसऱ्या किड्याच्या निम्फला प्रत्येक पायाला दोन नख्या असतात. शेपट्या मोजून निर्णय घेऊ नका: बहुतेक मेफ्लायना तीन असल्या तरी एपिओरस या जीनसला (जवळच्या प्रजातींच्या गटाला) स्टोनफ्लायसारख्या दोनच असतात.

जाळ्याची वीण २५० मायक्रॉनची घ्या. ५०० मायक्रॉनमधून लहान निम्फ निसटतात. जाळं प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा, वरच्या अंगाचे गोटे पायाने हलवा आणि जाळं पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामं करा. खळाळ, डोह, पालापाचोळा आणि ओल्या कड्यावरची पाण्याची पातळ धार हे चारही अधिवास वेगळे गोळा करा, वेगळ्याच कुप्यांत ठेवा. एकाच ठिकाणचे निरनिराळ्या वाढीचे किमान १५ ते २० निम्फ हवेत. एकुलत्या एका निम्फवरून प्रजाती वर्णायला नियम आडवा येत नाही, पण वेगळेपण प्रजातीचं आहे की त्या एका जिवाचं, हे मग सांगता येत नाही.

नमुने ९६ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. किड्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं, म्हणून २४ तासांत बदला. कुपी काठोकाठ भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला की प्रवासात तो मागेपुढे फिरतो आणि कल्ले, पाय, शेपट्या तोडतो. कल्ल्यांशिवायचा निम्फ वर्णनाला जवळजवळ निरुपयोगी. फॉर्मालिन वापरू नका, डीएनए खराब होतो. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचं नाव असलेली पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत टाका. बाहेरची शाई इथेनॉल लागताच पुसते.

काळ्या पडलेल्या पंखकळ्यांचे काही निम्फ जिवंत ठेवा. ओढ्यातच तरंगत्या जाळीच्या डब्यात ठेवले तर पाण्याचं तापमान आणि प्राणवायू सांभाळावा लागत नाही. निम्फमधून आधी निघतो तो सबइमॅगो: पंख धुरकट, कडांना बारीक केसांची झालर. तो आणखी एकदा कात टाकतो, तेव्हा पारदर्शक पंखांचा प्रौढ मिळतो. सबइमॅगोलाच इथेनॉलमध्ये टाकलं तर नराचे जननअवयव अर्धवट राहतात. प्रौढ आणि त्याच्या दोन्ही काती एकाच कुपीत ठेवा. निम्फ आणि प्रौढ एकच आहेत याचा तोच पुरावा. हेप्टाजेनिडी आणि लेप्टोफ्लेबिडी कुळांत नराच्या शिश्नाचा आकार निर्णायक असतो. बीटिडींमध्ये तो भाग पडद्यासारखा मऊ असल्याने ओळखीचा भार निम्फवर येतो.

विच्छेदनासाठी निम्फ निवडताना एक पेच असतो. पूर्ण वाढलेल्या निम्फवर लक्षणं ठळक दिसतात, पण कात टाकायला आलेल्याच्या जबड्याचे दात दगड खरवडून झिजलेले असतात. बोथट दातांवरून ‘नवी’ ठरवण्याची चूक इथूनच येते. म्हणून जबड्यासाठी नुकतीच कात टाकलेला आणि बाकी भागांसाठी पूर्ण वाढलेला, असे दोन्ही पाहा.

डीएनए शक्यतो विच्छेदनाआधी काढा. निम्फ प्रोटीनेज-के (प्रथिनं विरघळवणारं विकर) असलेल्या द्रावणात ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवला की आतलं मांस विरघळतं आणि वरचं कवच शाबूत, पारदर्शक मिळतं. तेच स्लाइडवर चढवा. ही सोय नसेल तर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड थंडच वापरा आणि दर तासाला बघत राहा. जास्त वेळ राहिलं तर रोम, म्हणजे अंगावरचे बारीक केस, गळतात.

दोन्ही जबडे लागतात, कारण डावा आणि उजवा सारखे नसतात. शिवाय लॅब्रम (वरचा ओठ), मॅक्झिला (जबड्यामागची दुसरी जोडी), लेबियम (खालचा ओठ), पुढचा पाय, सर्व कल्ले, चौथं टर्गाइट (पोटाच्या खंडाची पाठीकडची पट्टी) आणि पॅराप्रॉक्ट (गुदाशेजारची पट्टी) हवेत. लॅब्रमवरच्या रोमांची ओळ, लेबियल पाल्पच्या (लेबियमवरच्या स्पर्शकाच्या) दुसऱ्या खंडाचा आतला फुगवटा, फीमरच्या (मांडीच्या) वरच्या कडेचे रोम, नखीचे दात, टर्गाइटच्या मागच्या कडेचे काटे यांची संख्या आणि आकार नोंदवा, आणि एकाऐवजी पाच-सहा निम्फांवर. लॅबिओबेटिससारख्या जीनसमध्ये प्रजातींमधला फरक बहुधा याच बारकाव्यांत असतो. अंगाची लांबी मिशा आणि शेपट्या सोडून मोजा. रंगावर विसंबू नका, तो इथेनॉलमध्ये फिका पडतो.

कायमच्या स्लाइडवर भाग बसवायला युपॅराल हे द्रव्य चांगलं. हॉयर द्रावण जलद असलं तरी वर्षांनी त्यात स्फटिक होतात, होलोटाइप (प्रजातीच्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना) त्यात ठेवू नये. कव्हरस्लिप दाबली की जबडा सपाट होतो आणि कोन बदलतात, म्हणून चित्र दाबाआधी काढा.

आता खरी कसोटी: तुलना. श्रीलंकेतून वर्णिलेल्या काही प्रजाती दक्षिण भारतातही सापडल्या आहेत, त्यामुळे म्युलर-लीबेनाऊ आणि हबर्ड यांचं श्रीलंकेच्या बीटिडींवरचं १९८५ चं काम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. वॉकर, हेगेन, ईटन या एकोणिसाव्या शतकातल्या कीटकतज्ज्ञांच्या काळातली काही वर्णनं तर फक्त पंखवाल्या प्रौढांवरून केलेली आहेत. तुमचा ‘नवा’ निम्फ अशाच एखाद्या जुन्या नावाच्या प्रौढाचा असू शकतो. जोपासलेला प्रौढ इथे कामी येतो. शंका राहिली तर मूळ टाइप नमुनाच (ज्याच्याशी ते जुनं नाव बांधलेलं आहे तो) पाहावा किंवा त्याची छायाचित्रं मागवावीत.

प्रजाती वेगळ्या ओळखायला सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा डीएनए-तुकडा मदत करतो. बीटिडींमध्ये साधारण ३.५ टक्के फरक ही सीमा धरण्याची पद्धत आहे. पण दूरच्या ओढ्यांतले एकाच प्रजातीचे गट याहून जास्त वेगळे निघू शकतात, म्हणून नुसत्या आकड्यावर नाव ठेवू नका. शरीररचनेतलं एक तरी लक्षण सोबत सातत्याने बदललं पाहिजे.

लिहिताना निदान (डायग्नोसिस) आणि वर्णन वेगळं ठेवा. निदानात जवळच्या प्रजातींपासून वेगळी करणारी लक्षणंच, त्या प्रजातींची नावं घेऊन; वर्णनात बाकी सगळं. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतरच्या नावाला ते नवं असल्याची स्पष्ट नोंद, ठरवलेला टाइप आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते लिहिणं आवश्यक आहे. फक्त ऑनलाइन प्रकाशन असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही हवी, आणि तिचा पुरावा लेखातच छापलेला हवा. विशेषण असलेलं नाव जीनसच्या लिंगाशी जुळवा: केनिस स्त्रीलिंगी, एपिओरस पुल्लिंगी, क्लोऑन नपुंसकलिंगी. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव असेल तर शेवटी ‘ई’, स्त्रीच्या असेल तर ‘एई’. प्रकाशनाआधी प्रबंधात किंवा पोस्टरवर ते नाव लिहू नका. तोवर ‘प्रजाती १’ पुरे.

होलोटाइप म्हणजे एकच जीव. त्याची स्लाइड आणि इथेनॉलमधला उरलेला भाग यांवर एकच क्रमांक घाला. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती मान्य संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. नोंदणी क्रमांक हस्तलिखित पाठवण्याआधी मिळवा, आणि पॅराटाइप (होलोटाइपखेरीज वर्णनाला आधार असलेले नमुने) दोन संस्थांत विभागून ठेवा.